युवा केंद्रात मुलं टिकत नाहीत? स्वयंसेवकांनो, या चुका टाळा

गोव्यात फोंडा घ्या, डिचोली घ्या, पेडणे घ्या. पंचायतीच्या नाहीतर देवळाच्या सभागृहात युवा केंद्र सुरू होतं, पहिल्या आठवड्यात बसायला जागा पुरत नाही आणि दोन महिन्यांत चार-पाच मुलं उरतात. "आजकालच्या मुलांना मोबाइलच हवा," असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. मुलं यायची थांबली की कारण बहुतेक वेळा केंद्रातच सापडतं.

बंद दार

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वरच्या वाड्यावरून मुलगा पावसात चालत येतो आणि दाराला कुलूप. एकदा तो समजून घेतो, दुसऱ्यांदा हिरमुसतो, तिसऱ्यांदा येतच नाही. चावी एकाकडेच असते आणि नेमकी त्याचीच फॅक्टरीत दुसरी पाळी लागते. चावी तिघांकडे ठेवा, त्यातला एक तरी केंद्राच्या शेजारी राहणारा असू द्या. आठवड्यातून दोनच दिवस उघडा, पण त्या दिवशी एकच मूल आलं तरी ठरलेली वेळ संपेपर्यंत बसा.

सणांशी मात्र झुंजू नका. दिवाळीआधी मुलं रात्र रात्र नरकासुराचे पुतळे बांधण्यात गुंतलेली असतात, तेव्हा व्यक्तिमत्त्व विकास शिबिर ठेवलंत तर खुर्च्या रिकाम्याच राहणार. गणेश चवथीआधीच्या दिवसांत केंद्रातच घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीची तालीम सुरू करा. एरवी कोपऱ्यात बसणारा मुलगा समेळ या वाद्याच्या ठेक्यावर कसा खुलतो, हे एकदा बघाच.

मोठ्यांनी अडवलेला कॅरम

कॉलेजची मुलं बोर्डाभोवती ठाण मांडतात, सहावी-सातवीची भिंतीला टेकून बघत राहतात आणि कंटाळून घरी जातात. ओरडून फरक पडत नाही. फळ्यावर जोड्यांची नावं लिहा. हरलेली जोडी उठेल आणि जिंकलेलीही दोन डावांनंतर जागा सोडेल. नियम मोठ्या मुलांनाच राबवायला सांगा, ते तो आपल्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात. आणि पावसाळ्यात बोर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीची ओल लागून तो फुगतो, मग कितीही पावडर टाका, स्ट्रायकर अडखळतोच.

मुली दिसेनाशा झाल्या तर

आधी स्वच्छतागृह तपासा. आतून कडी लागते का, पाणी आहे का, दिवा पेटतो का? त्यानंतर घड्याळ पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तरी आपण मे महिन्याचंच वेळापत्रक चालवतो. थंडीच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास आधी सुरू करा आणि शेवटच्या बसची वेळ लक्षात घेऊनच संपवा. इतकं केलंत की आयांशी बोलणं सोपं जातं.

मुलांची भाषा सुधारत बसू नका. घरात कोकणी, प्राथमिक शाळेत मराठी, पुढे इंग्रजी, शेजारी कानडी किंवा हिंदी बोलणारं बिऱ्हाड. आपल्याकडची मुलं हे सगळं सहज सांभाळतात. चारचौघांत शब्द दुरुस्त केला की पुढचं वाक्य येत नाही. पालकांच्या आग्रहाखातर केंद्राची ट्यूशनही करू नका. अभ्यासाला एक टेबल वेगळं ठेवा, तेवढं पुरे.

"कुणाला सांगणार नाही" हे वचन

यावर मी थोडी थांबणार आहे, कारण इथली चूक मुलाला आयुष्यभर भोवू शकते. सगळे गेल्यावर खुर्च्या आवरताना एखादी मुलगी म्हणते, "टीचर, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हां." आपण मायेपोटी हो म्हणतो. नका म्हणू. "सांग, मी ऐकते आहे. तुला जपण्यासाठी कुणाला सांगावं लागलं, तर आधी तुला सांगेन," इतकं खरं बोला. आणि तो शब्द पाळा.

18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. स्वयंसेवक त्यातून सुटत नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका, त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहून ठेवा. ज्याचं नाव आलं त्याला बोलावून जाब विचारू नका, आणि "गावातली गोष्ट गावातच मिटवू" असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, मग तो पंच असो की नातेवाईक. चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक चोवीस तास चालतो. मन खचलेल्या मुलासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. दोन्ही क्रमांक मुलांना दिसतील असे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

एकट्याने मेसेज, एकट्याने लिफ्ट

हेतू कितीही चांगला असो, रात्री मुलांशी खासगी चॅट नको. निरोप गटावरच जाऊ द्या आणि त्या गटात पालक असू द्या. काळोख पडला म्हणून एखाद्या मुलाला एकट्यालाच स्कूटरवर बसवून सोडायलाही जाऊ नका. घरी फोन करा आणि कुणी न्यायला येईपर्यंत दोघा स्वयंसेवकांनी तिथेच थांबा. त्यासाठी पहिल्याच दिवशी रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाच्या घरचे दोन नंबर लिहून घ्या आणि ते लागतात का, हे तिथल्या तिथे फोन करून पाहा.