रिमोट सपोर्टची वाट उघडी राहू नये म्हणून

कॉम्प्युटर अडला की सपोर्टवाला फोनवर सांगतो, "एनीडेस्क चालू करा, नंबर द्या." काम होतं, फोन ठेवला जातो, पण दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं ते सॉफ्टवेअर मागे तसंच राहतं. पुढच्या वेळी दुसरा माणूस येतो, दुसरं सॉफ्टवेअर टाकतो. धोका साचतो तो असा.

म्हणून सुरुवात झाडाझडतीने करा. प्रत्येक मशिनवर एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, व्हीएनसी यांपैकी काय काय आहे ते लिहून काढा. नुसती इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामांची यादी पाहून थांबू नका; यातली काही सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करताही चालतात, त्यामुळे डाउनलोड फोल्डरही उघडून बघा. एकच साधन ठेवा, बाकीची काढून फायरवॉलवर (नेटवर्कमधली ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेवर) अडवा. ठेवलेल्या साधनात कायमचा पासवर्ड लावलेला असेल, तर तो आजच काढा. समोर कोणी नसताना आत येता येतं ते त्याच्याच जोरावर.

मग राउटर. त्याच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेली जोडणी आतल्या मशिनकडे वळवणाऱ्या सेटिंगमध्ये) ३३८९ हा पोर्ट दिसला, तर विंडोजचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा असण्याची दाट शक्यता आहे. तो बंद करा. पोर्टचा आकडा बदलून काही साधत नाही, कारण शोधणारे सगळेच पोर्ट चाचपतात. मे २०१९ मध्ये याच सेवेत 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यातून शिरायला पासवर्डही लागत नव्हता. मायक्रोसॉफ्टला तेव्हा २०१४ पासून सपोर्ट बंद असलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) काढावा लागला. आधी व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित, कूटबद्ध वाट), त्यातून रिमोट डेस्कटॉप, हाच क्रम ठेवा. नंतर वायफाय सोडून मोबाइल डेटावरून, व्हीपीएन न लावता जोडून पाहा. जोडलं गेलं नाही म्हणजे काम नीट झालं.

खाती माणसागणिक वेगळी हवीत. सगळ्यांनी मिळून वापरायचं 'सपोर्ट' नावाचं ॲडमिन खातं मला अजिबात मान्य नाही, कारण उद्या काही घडलं तर आत कोण होतं हेच कळणार नाही. पासवर्डसोबत मोबाइलवरच्या ॲपचा कोड सक्तीचा करा. ज्याला प्रिंटर दुरुस्त करायचा आहे, त्याला हिशोबाचा सर्व्हर दिसायचं कारणच नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत २०१३ मध्ये चोर शिरले ते रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील गेला.

सपोर्ट कंपनीलाही विचारा: तुमच्या कन्सोलवर (जिथून तुम्ही ग्राहकांच्या मशिनशी जोडता तिथे) दुहेरी पडताळणी आहे का? अपडेट किती दिवसांत टाकता? फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या रिमोट सपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन टाळून थेट नवा ॲडमिन तयार करता येईल अशी त्रुटी सापडली होती. अशा वेळी एक आठवडा थांबणंही महागात पडतं.

प्रत्यक्ष सेशनच्या वेळी, फोन तिकडून आला असेल तर तो ठेवा आणि करारावरच्या नंबरवर स्वतः लावा. आधी फक्त स्क्रीन पाहू द्या, गरज पडली तरच माउस-कीबोर्ड द्या. बँकेचं पान, पासवर्डची फाइल आधीच बंद करा आणि शेवटपर्यंत समोर बसून राहा. काम झालं की खातं बंद करा.

आठवड्यातून एकदा लॉग (कोण कधी जोडलं गेलं त्याची नोंद) बघा. अनोळखी सेशन दिसलं, तर आधी त्या मशिनची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा. मशिन मात्र बंद करू नका, मेमरीतले पुरावे जातात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून.