जुनी पेट्रोल जीप-पिकअप बंद पडली? कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी प्लग काढून बघा

गाडी चढाला मिसिंग करायला लागली की जो तो सांगतो, कार्ब्युरेटरात (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागात) कचरा असणार, आणि आपणही पाना घेऊन तोच खोलायला बसतो. नका बसू. विलीजची जुनी पिकअप घ्या किंवा आपल्याकडची महिंद्राची पेट्रोल जीप, दोन्हीत बहुतेक वेळा तेच ४ सिलिंडरचं हरिकेन इंजिन, आणि आपण पेट्रोलचा म्हणतो तो फॉल्ट कितीतरी वेळा करंटचा निघतो.

सेल मारून मारून गाडी लागली नाही की लगेच एक स्पार्क प्लग काढा. टोक ओलं, पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट बघा. कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल कुठेतरी अडलंय.

करंट बघायला काढलेला प्लग वायरला लावायचा, त्याचं लोखंड इंजिनला टेकवायचं आणि कुणाला तरी सेल मारायला सांगायचं. पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब हां, तिथून पेट्रोलची वाफ येते, भडका उडेल. ठिणगी निळी आणि टचटच वाजणारी पाहिजे. पिवळी, बारीक असेल तर डिस्ट्रीब्युटरचं (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाचं) झाकण उघडा, आतले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळून काळे-निळे झाले असतील तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या छोट्या डबीवर) संशय घ्या आणि दोन्ही सोबतच बदला. पॉइंटचा गॅप ०.५ मिमी, प्लगचा ०.७५, आणि फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, वायरी काढायच्या आधी त्यांवर नंबर टाका.

ठिणगी अजिबातच नसेल तर टेस्ट लॅम्पची एक वायर बॉडीला आणि दुसरी कॉईलच्या (ठिणगीसाठी करंट वाढवणाऱ्या भागाच्या) डिस्ट्रीब्युटरकडच्या टोकाला लावा, सेल मारताना दिवा उघडझाप करायला हवा. माझ्या गाडीत तो नुसताच पेटून राहायचा, पॉइंट तर चकाचक, दोन रविवार कार्ब्युरेटर खोलण्यात गेले होते आणि शेवटी सापडली ती पॉइंटला जाणारी बोटभर वायर, वरून धडधाकट पण आत तांबं तुटलेलं. हलकेच ओढली तर रबरासारखी ताणली गेली, तेव्हा कळलं.

आता पेट्रोल. एसी कंपनीच्या पेट्रोल पंपाची (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या) काचेची वाटी बघा, पाणी असेल तर तळाशी वेगळे गोळे दिसतात. थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर सुस्स आवाज येतो? झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. आणि हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप मऊ पडतात, ते आधीच बदलून टाका, गळका पाइप गरम इंजिनवर म्हणजे आगीला आमंत्रण.

गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी सगळ्यात फसवी. बंद पडली की इग्निशन ऑफ करून त्याच मिनिटाला एअर क्लीनरचा पाइप काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरचा दांडा) ओढा. आत पिचकारी उडाली तर पेट्रोल आहे, मग कॉईल नाहीतर कंडेन्सर तापून दगा देतोय. नाही उडाली तर पंपावर आणि लाइनवर ओलं फडकं टाका, थंड झाल्यावर थोडा सेल मारून पिचकारी परत आली तर लाइनमध्ये वाफ धरत होती.

तरीही येत नसेल तर पंपाचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) बघा. तो फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिक काढून वास घ्या, ऑइलची लेव्हल वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर पंप आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत सेलसुद्धा मारू नका.