धार काढल्यावर अर्धा तास गाय बसू देऊ नका

आमच्या गायीचा एक सड तीन वर्षांपूर्वी कायमचा बाद झाला. दूध कमी झालं, तेव्हा ढेप (पेंड) बदलली म्हणून असेल असं समजून आम्ही आठ दिवस घालवले. मग धारेत कणी आली आणि कास हाताला टणक, गरम लागली. कासदाहाला, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराला, आपल्याकडे दगडी म्हणतात ते उगाच नाही.

धार काढण्याआधी कोठ्यातलं शेण उचला. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल कासेपर्यंत लागतो, तरी अख्खी कास भिजवू नका. घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशीच जमतं. वासराने पान्हा सोडवला की फक्त सड धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. प्रत्येक गायीचं फडकं वेगळं ठेवा.

पहिल्या दोन-तीन धारा जुन्या काळ्या तव्यावर घ्या, जमिनीवर नको. पांढरी कणी, पाणचटपणा किंवा रक्ताची रेघ काळ्यावर लगेच दिसते. दूध मुठीने काढा. अंगठा मुडपून ओढलं की सडाला आतून इजा होते. आजारी गाय शेवटी पिळा.

आता मुख्य गोष्ट. धार संपल्यावर सडाचं तोंड साधारण अर्धा तास उघडं असतं. गाय तेवढ्यात शेणात बसली की जंतू सरळ आत शिरतात. आपण सगळी ढेप धार काढतानाच घालतो, ती खाऊन गाय लगेच बसते. म्हणून निम्मं ढेप-कुटार (पेंड आणि भुसा) नंतरसाठी राखून ठेवा. वासरू पिऊन झालं की चारही सड आयोडीनच्या औषधात बुडवा आणि मगच गव्हाणीत कुटार टाका.

छुपा कासदाह डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवा. चार वाट्यांत चार सडांचं थोडं थोडं दूध घेऊन तेवढंच हे पाणी घाला आणि वाटी गोल फिरवा. दूध चिकट, घट्ट झालं तर त्या सडात बिघाड आहे. नुकत्याच व्यालेल्या गायीच्या चिकावर मात्र ही परीक्षा करू नका.

शंका आली की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा मोफत क्रमांक आहे. सूज उतरली म्हणून औषध मध्येच सोडू नका. डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध दिलेल्या गायीचं दूध डेअरीला घालू नका, घरातही वापरू नका. ओतून देताना जीव तुटतो, पण त्यात औषध उतरलेलं असतं.