मोहिमेच्या रसदेचा हिशेब कसा मांडावा

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या जुन्या किल्ल्यात आहे, तो किल्ला आणि साष्टीचा मुलूख १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला. अशा चढाईचा अभ्यास करणाऱ्याने नकाशावर बाण काढण्याआधी, त्या फौजेला रोज किती दाणा लागला असेल, याचा अंदाज कागदावर मांडावा.

प्रथम खाणारी तोंडे मोजावीत. दहा हजार लढवय्ये गृहीत धरले, तर तेवढेच बुणगे, म्हणजे फौजेसोबतची न लढणारी माणसे, धरणे वावगे ठरणार नाही. माणशी दिवसाला एक किलो धान्य या हिशेबाने वीस हजारांना वीस टन लागतात. सोबत पाच हजार घोडी असतील आणि प्रत्येकाला चार किलो चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, द्यायची असेल, तर तिकडेही वीस टन जातात, वैरण निराळीच. अभ्यासक नेमके हेच विसरतात.

आता वाहतूक. लमाणांच्या तांड्यातील बैल पाठीवर सुमारे शंभर किलोची गोणी वाहतो असे मानल्यास एका दिवसाच्या शिध्याला चारशे, आणि दहा दिवसांच्या शिध्याला चार हजार बैल लागतात. हा बैल वाटेत चरून जगतो, म्हणूनच हा व्यवहार परवडत असे; त्यालाही पाठीवरचाच दाणा चारावा लागला, तर मजल वाढेल तसा छावणीत पोहोचणारा माल घटत जातो. दसऱ्यानंतर स्वाऱ्या निघत, त्यामागे नद्यांचे ओसरलेले पाणी होते, तसेच रानातले गवतही होते. खाडीकाठी मात्र गणित पालटते: कल्याणहून ठाण्याकडे दहा टन भात घेऊन येणारे एक गलबत शंभर बैलांचे काम करते, आणि त्याला चारा लागत नाही.

साठ्याचा वेगळा रकाना ठेवावा. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळील हलवर्णच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र यासाठी अवश्य वाचावे. पावसाळ्यासाठी राखलेला दाणा व गवत आधीच उधळले, तर घोडी मरतील आणि शिपाई रयतेच्या घरात शिरतील, हे त्यात बजावले आहेच. शिवाय रात्री दिवा जळता ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल, इतक्या बारकाईने ताकीद दिली आहे.

शेवटी वाट तुटण्याची शक्यता तपासावी. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुऱ्याचा धान्यसाठा हाती येऊनही पानिपतावर मराठ्यांची उपासमार झाली, कारण दिल्लीकडचा मार्ग अब्दालीने अडवला होता आणि त्याची रसद तोडू पाहणारे मराठा सरदार गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. त्यामुळे तांड्यांच्या पहाऱ्यासाठी स्वार वेगळे काढावेत आणि त्यांच्या घोड्यांची चंदीही पहिल्याच बेरजेत मिळवावी.