पिकअप आडवाटांसाठी आणि मुक्कामासाठी तयार करायची, तर सुरुवात वजनकाट्यावरून करा

पिकअपचा मोकळा हौदा पाहिला की तो भरायची घाई होते. तंबू, कॅनोपी (हौद्यावरचं टोपण), फ्रिज, ड्रॉवर, पुढे जाड लोखंडी बंपर, वर दिव्यांची पट्टी. प्रत्येक वस्तू एकेकटी पाहिली तर पटते. सगळ्या एकत्र चढल्या की तीच गाडी वळणावर झुलते, उताराला लवकर थांबत नाही आणि दगडावर मागून आपटते. म्हणून आडवाटेसाठी गाडी बांधणं म्हणजे आधी वजनाचा हिशेब, आणि या लेखातला क्रम त्या हिशेबावरच लावला आहे.

आपल्याकडे खासगी वापरासाठी या कामाला प्रामुख्याने दोन गाड्या घेतल्या जातात: २०१६ मध्ये आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स. दोन्हींचा सांगाडा एकाच धाटणीचा आहे. खाली शिडीसारखी चासी, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), आणि फोर-बाय-फोर प्रकारात लो रेंज, म्हणजे सावकाश पण जास्त ताकदीने ओढणारा गिअर. लांबी सव्वापाच मीटरच्या वर आणि दोन चाकांमधलं अंतर तीन मीटरहून जास्त. गाडी दुसरी असली तरी क्रम हाच ठेवा.

१. रिकामी गाडी काट्यावर न्या

मार्केट यार्ड, साखर कारखाना किंवा खडी क्रशरजवळ वजनकाटा सापडतोच. टाकी भरून, हौदा रिकामा ठेवून जा आणि तीन वजनं मागून घ्या: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं काट्यावर असताना, आणि फक्त मागची चाकं असताना. ही पावती जपून ठेवा. आता आरसीवरचं किंवा कंपनीच्या पाटीवरचं एकूण मान्य वजन पाहा. त्यातून पूर्ण गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच तुमचं भांडवल. त्यात माणसंही आली. खासगी पासिंगच्या पिकअपमध्ये हा आकडा अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी निघतो.

आता यादी मांडा. छतावरचा तंबू साधारण ६० किलो. फायबरची कॅनोपी ७०-८०. ड्रॉवर प्लायवुडचे असले तर ५०, लोखंडी असले तर त्याहून कितीतरी जास्त. भरलेला फ्रिज ४०, दोन कॅन पाणी ४०, दोन माणसं दीडशे. बेरीज चारशेच्या पुढे गेली आणि अजून कपडे, भांडी, हत्यारं चढलेली नाहीत. लोखंडी बंपर आणि विंच (फसलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) घेतला की आणखी ८०-१०० किलो, तेही थेट नाकावर.

हा कागद समोर ठेवून बसलात की निम्म्या वस्तू आपोआप गळतात. गळू द्या.

२. मग कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाहीत असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. तेव्हा पुढे लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा विचार सोडून द्या. तो पादचाऱ्याच्या जिवावर उठतो आणि एअरबॅगच्या कामातही आडवा येऊ शकतो. नटबोल्टने बसणाऱ्या, काढता येणाऱ्या वस्तू निवडा. चासीला वेल्डिंग करू देऊ नका. कुठल्याही बदलाबद्दल शंका असेल तर आधी आरटीओत विचारा, आणि काय बसवलं ते विमा कंपनीला लेखी कळवा.

३. टायर आणि हवा

पैसे मोजकेच असतील तर ते इथे खर्च करा. कंपनीचे टायर बहुधा डांबरी रस्त्यासाठीचे असतात. त्यांच्या जागी ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींना चालणारे, घ्या, मूळ मापाचे किंवा फार तर एक पायरी मोठे. बाह्य व्यास चार टक्क्यांनी वाढला तर स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०४ ने पळत असते. शिवाय वेग घेताना गाडी जड वाटते आणि चाक पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासू शकतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. स्टेपनीही त्याच मापाची.

चिखलासाठीचे, खोल खाचांचे मड-टेरेन टायर घ्यावेत का? माझ्या मते बहुतेकांनी घेऊ नयेत. मुंबई-पुण्याहून निघालेल्या गाडीचा बहुतांश प्रवास डांबरावरच होतो, आणि ओल्या डांबरावर हे टायर कमी पकडतात. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात कुठल्याच नक्षीला दाद देत नाही. ती टायरच्या खाचांत गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरत राहतं. तिथे शहाणपण एकच, वाट वाळेपर्यंत थांबायचं. कोकणातल्या जांभ्याच्या आणि मुरमाच्या वाटांना ऑल-टेरेन पुरेसे आहेत.

टायरइतकीच महत्त्वाची त्यातली हवा. डांबरावर ३२-३५ पीएसआय असेल तर खडीच्या लांब वाटेवर २५-२८, चिखलात २० च्या आसपास, आणि मऊ वाळूत १५-१८. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि दगडाचा धक्काही तो स्वतः गिळतो. मात्र हवा कमी असताना वेग कमी ठेवायचा आणि स्टिअरिंग झटक्यात वळवायचं नाही, नाहीतर टायर रिममधून निसटतो. म्हणून टायरबरोबरच चांगला गेज आणि बॅटरीला थेट जोडता येणारा कंप्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे पंप एवढ्या मोठ्या चार टायरांना पुरत नाहीत. तापून बंद पडतात.

४. फसलेली गाडी काढायची सोय

तंबूच्या आधी ही. पुढे आणि मागे चासीला बोल्टने पक्के केलेले, क्षमता लिहिलेले ओढ-हुक हवेत. ट्रकमधून गाडी आणताना बांधायला कंपनीने दिलेले पातळ लोखंडी डोळे वेगळे. त्यांना झटका सोसत नाही. टो-बॉलला, म्हणजे मागच्या गोळ्याला, दोर कधीही अडकवू नका. गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, आणि जगभरात यात माणसं मेली आहेत.

दोर दोन प्रकारचे. ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर दुसऱ्या गाडीने हलका झटका देऊन ओढायला, आणि न ताणला जाणारा पट्टा संथपणे ओढायला किंवा विंचला. एकाचं काम दुसऱ्याला देऊ नका. सोबत दोन सॉफ्ट शॅकल (दोर हुकाला जोडायच्या दोरीच्या कड्या), फावडं, जाड हातमोजे आणि चाकाखाली घालायच्या दोन ट्रॅक्शन पाट्या. ओढताना दोरावर ओलं गोणपाट टाका आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा.

गाडी फसल्यावर रेस करत राहिलात तर ती पोटावर बसते. चाक एकदा जागेवर फिरलं की पाय काढा, उतरा, चाकांपुढची माती उपसा, हवा आणखी कमी करा, पाट्या दडपून बसवा आणि लो रेंजमध्ये सावकाश निघा. एवढं केलं की बहुतेक वेळा दोराची गरज पडत नाही. एकट्याने फिरत नसाल तर विंचही लागत नाही. घ्यायचाच असेल तर भरलेल्या गाडीच्या किमान दीडपट ताकदीचा घ्या.

५. पाटे आणि शॉकअप

आता पहिल्या पावतीकडे परत या. कायमचं वजन किती वाढणार हे ठरल्याशिवाय पाट्यांना हात लावायचा नाही. दोन-अडीचशे किलो कायम राहणार असेल तर त्या वजनासाठी बनवलेला पाट्यांचा संच आणि त्याला जुळणारे शॉकअप घ्या. मिस्त्री एक जादा पाटा घालून देतो, ते स्वस्तातही होतं, पण रिकामी गाडी मग लाकडासारखी कडक चालते आणि खडबडीत वाटेवर मागचं चाक उडतं. तंबू काढून रोज ऑफिसला जाणार असाल तर हे ध्यानात घ्या.

उंची ४०-५० मिलिमीटरपेक्षा जास्त वाढवू नका. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे रबरी बूट लवकर फाटतात. काम झाल्यावर अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोतही खाली घ्या.

लांब गाडीचं पोट उंचवट्यावर टेकतं. बाजूचे शोभेचे फूटस्टेप सगळ्यात आधी वाकतात. ते काढून टाकले तर वजनही उतरतं. इंजिन आणि गिअरबॉक्सखाली जाड पत्रा लावा, पण ऑइल बदलायला त्याला झाकण ठेवून घ्या. स्नॉर्कलची, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीची, गरज फार थोड्यांना असते. तो बसवला म्हणून गाडी खोल पाण्यात घालता येत नाही, कारण दरवाजे, वायरिंग आणि प्रवाहाचा जोर यावर त्याचा काही इलाज नाही. डिफरेन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) ब्रीदर नळ्या, म्हणजे हवा आतबाहेर जायच्या नळ्या, उंच नेणं मात्र स्वस्त आणि खरोखर उपयोगी काम आहे. गरम डिफरेन्शियल थंड पाण्यात गेलं की आत हवा ओढली जाते, आणि नळी बुडलेली असेल तर हवेऐवजी पाणी जातं.

६. हौद्यात संसार मांडा

तंबू केबिनच्या छतावर ठेवण्यापेक्षा हौद्यावर कमी उंचीचा रॅक करून त्यावर ठेवा. वजन खाली येतं, वारा कमी लागतो. रॅकची चालत्या गाडीतली क्षमता पाहा. उभ्या गाडीतला मोठा आकडा दुकानदार आधी सांगतात.

जड ते खाली आणि केबिनला चिकटून, हा नियम मोडू नका. मागच्या ॲक्सलच्या मागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं: मागचा ॲक्सल जास्त दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंग आणि ब्रेकही हलके. पाण्याचे कॅन म्हणूनच केबिनच्या मागच्या भिंतीला पट्ट्याने आवळून ठेवा. पिण्यास आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. ड्रॉवरऐवजी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पेटारे घेतले तर ३०-४० किलो वाचतात आणि घरी आल्यावर हौदाही मोकळा होतो.

शेगडी हौद्याच्या फळीवर, उघड्यावर. बंद कॅनोपीत किंवा तंबूत गॅस, कोळसा काहीही पेटवू नका; कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्पिती-लडाखच्या थंडीत साधा ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास गॅस देईनासा होतो, तिकडे प्रोपेन मिसळलेला घ्या.

७. वीज

चाळीसेक लिटरचा बारा व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज आपल्या उन्हात दिवसाला साधारण ३० ते ४० अँपिअर-तास खातो. १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे फ्रिज आणि दिव्यांना गाडी उभी असताना दोन दिवस. ही बॅटरी चालत्या गाडीत भरायला मधे डीसी-डीसी चार्जर हवा, म्हणजे गाडीच्या विजेवरून या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारं यंत्र. दोन बॅटऱ्या थेट जोडणाऱ्या नुसत्या रिलेवर भागवू नका. ती बॉनेटखाली ठेवू नका, तिथली उष्णता तिला सोसत नाही. शून्याखाली तापमान असताना ती चार्जही करू नका.

फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळ, एका वितीच्या आत. वायर जाड आणि नळीत घातलेली, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. कॅनोपीत लागलेल्या आगीचं कारण बहुधा इथेच सापडतं: कडेला घासून सोललेली वायर आणि फ्यूज नाही. फायर एक्स्टिंग्विशर हाताला लागेल असा, सामानाखाली नको.

८. पुन्हा काट्यावर, मग जवळची एक रात्र

सगळं चढवून, माणसं बसवून परत काट्यावर जा आणि तीनही आकडे पहिल्या पावतीशी लावून पाहा. एकूण वजन मर्यादेत आणि पुढच्या ॲक्सलचं वजन कमी झालेलं नको. झालं असेल तर मागचं सामान पुढे सरकवा.

पहिला मुक्काम घरापासून दोन तासांच्या आत करा, मालकाची परवानगी घेऊन, एखाद्या शेतात. सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, गाडी घालू नका. कासच्या पठारासारख्या ठिकाणी मातीचा थर बोटभरच असतो आणि चाकाची चाकोरी वर्षानुवर्षं भरून येत नाही. किनाऱ्यावरही नको. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि भरतीच्या पाण्यात अडकलेली गाडी खाऱ्या पाण्याने आतून संपते. कोकणातून आलात की चासी गोड्या पाण्याने खालून धुवा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला तांबडा गाळ काढा.

परतल्यावर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट, रॅकचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. नवे पाटे बसले की पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये यू-बोल्ट थोडे सैल होतातच. आवळून झाल्यावर नटावर आणि बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कोणता नट फिरला ते टॉर्च मारून लगेच कळतं.