ट्रेलरमधल्या चार सेकंदांवरून अख्ख्या ट्रॅकचा नकाशा कसा काढावा

निन्टेंडोने १६ जानेवारी २०२५ ला 'स्विच २' या व्हिडिओ गेम खेळायच्या नव्या यंत्राची पहिली झलक दाखवली. व्हिडिओच्या शेवटाकडे 'मारिओ कार्ट' या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाच्या नव्या भागाचे मोजके क्षण होते. ना निवेदन, ना विक्रीची तारीख. पण चाहत्यांनी तेवढ्यातही चित्र थांबवून स्टार्ट लाइनवरचे चौकोन मोजले, ते भरले चोवीस. 'मारिओ कार्ट ८'मध्ये एका शर्यतीत बाराच गाड्या धावायच्या. २ एप्रिलला 'मारिओ कार्ट वर्ल्ड' रीतसर जाहीर झालं आणि स्पर्धक निघाले बरोबर चोवीस.

मोजण्यासारखं जे असेल ते आधी मोजायचं आणि कल्पनेला मागाहून मोकळं सोडायचं, एवढंच ट्रेलरवरून अंदाज बांधण्याच्या या छंदाचं मर्म. ट्रॅकचा नकाशा ओळखणं यापेक्षा अवघड आहे, पण पद्धत तीच. यंत्र घरात नसलं तरी अडत नाही, कारण जुन्या ट्रॅकच्या पूर्ण शर्यतींचे व्हिडिओ भरपूर सापडतात. चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर मात्र जवळ हवं. मोबाइलवर बोटाने काढलेला नकाशा तिसऱ्या वळणालाच बिघडतो.

१. रेषा ओढण्याआधी यादी करा

समोर दिसतोय तो ट्रॅक नवा आहे, जुनाच नव्या रूपात आलाय, की खऱ्या शहरावर बेतलेला आहे? हे आधी ठरवा. ट्रॅक जुना असेल तर अर्धा नकाशा तुमच्या हातात आयताच येतो.

वगळत वगळत उत्तरापर्यंत कसं जायचं, हे मला 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'च्या 'बूस्टर कोर्स पास'ने, म्हणजे त्या खेळात मागाहून भर घातलेल्या ट्रॅकच्या संचाने शिकवलं. मार्च २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात सहा हप्त्यांत ४८ ट्रॅक आले. दर हप्त्याला दोन कप (कप म्हणजे ओळीने खेळायच्या ट्रॅकचा गट) आणि प्रत्येक कपात चार ट्रॅक. पहिल्या कपाची सुरुवात पॅरिसने झाली, दुसऱ्याची टोकियोने, मग न्यूयॉर्क, सिडनी, लंडन, बर्लिन. तीन हप्ते झाल्यावर सहाच्या सहा कपांत पहिली जागा शहराची होती आणि शहरं सगळी 'मारिओ कार्ट टूर' या मोबाइलवरच्या खेळातली. इथून पुढच्या कपांची पहिली जागा डोळे मिटून लिहिता येत होती. आणि तसंच झालं: अ‍ॅमस्टरडॅम, बँकॉक, अथेन्स, लॉस एंजेलिस, रोम, माद्रिद. बाराही कप शहरापासून सुरू झाले.

दुसरं उदाहरण 'रेनबो रोड'चं. १९९२ च्या पहिल्या खेळापासून मालिकेच्या प्रत्येक मुख्य खेळात या नावाचा ट्रॅक असतो आणि तो मानाने शेवटी येतो. शेवटच्या हप्त्यात एखादा जुना रेनबो रोड येणार हा अंदाज सगळ्यांचाच होता, पण कोणता? निन्टेंडोच्या जुन्या यंत्रांपैकी सुपर निन्टेंडोचा आणि निन्टेंडो ६४ चा खेळात आधीपासून होता. ३डीएसचा तिसऱ्या हप्त्यात येऊन गेला होता. 'टूर'मधले बदललेले अवतार सोडले तर उरले चार: गेमबॉय अ‍ॅडव्हान्स, गेमक्यूब, डीएस आणि वी. आला वीचा, तोही शेवटच्या कपात शेवटच्या जागी. चारांतला एक निवडताना थोडं नशीब लागतंच, पण चारांवर येऊन थांबलात तर अर्ध्याहून जास्त काम झालं असं समजा.

२. एकेक फ्रेम पाहा

ट्रेलर मोठ्या पडद्यावर आणि सर्वांत चांगल्या दर्जात लावा. संगणकावर यूट्यूब थांबवून ठेवलं की स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबून एकेक फ्रेम मागे-पुढे जाता येतं. ही सोय माहीत नसलेले लोक माऊसने ती बारीक पट्टी ओढत बसतात आणि वैतागून सोडून देतात.

वहीत दर दृश्यासाठी एक ओळ ठेवा: वेळ, काय दिसलं, गाडी कोणत्या बाजूला वळतेय, मागे काय आहे. हा शेवटचा रकाना लोक हटकून विसरतात, आणि सगळ्यात मोलाचा तोच. ट्रेलर बनवणारा तुमचं लक्ष मारिओकडे वेधतो. आपण पाहायचं ते मारिओच्या डोक्यावरून पलीकडे. दूरचा पूल, डोंगरामागून डोकावणारा निळा-पिवळा रॅम्प, हवेत तरंगणारी आयटम बॉक्सची (शर्यतीत वापरायच्या वस्तू देणाऱ्या पेट्यांची) रांग. मागे दिसणारी गोष्ट बहुतेक वेळा ट्रॅकचाच पुढचा किंवा मागचा भाग असते, कारण जिथे कुणी जाणार नाही तिथे इतकं बारीक काम कोण करत बसेल?

सावल्याही बघा. जुन्या खेळांत एका ट्रॅकवरचा सूर्य हलत नाही. त्यामुळे सावली तुमचं होकायंत्र. एका दृश्यात सावली गाडीच्या उजवीकडे आणि दुसऱ्यात डावीकडे पडत असेल, तर मधे कुठेतरी रस्ता जवळजवळ उलटा फिरला. 'वर्ल्ड'मध्ये मात्र सकाळ, संध्याकाळ आणि पाऊस खेळता खेळताच बदलतात. तिथे ही युक्ती एका सलग दृश्यापुरतीच वापरा.

३. वळणांचा हिशेब जुळवा

आता खरी गंमत. ट्रॅक जिथून सुटला तिथेच परत येत असेल आणि स्वतःलाच कुठे ओलांडत नसेल, तर सगळी वळणं मिळून बरोबर एक पूर्ण फेरा भरला पाहिजे, म्हणजे ३६० अंश. उजवी वळणं अधिक धरा, डावी उणे (फेरा डावीकडून असेल तर बेरीज उणे ३६० येईल).

समजा ट्रेलरमध्ये तुम्हाला उजवीकडे दोन काटकोनी वळणं दिसली, एक पूर्ण यू-टर्न दिसला आणि डावीकडे एक काटकोन. उजवीकडचे ९० अधिक ९० अधिक १८० म्हणजे ३६०. त्यातून डावीकडचे ९० वजा केले की उरले २७०. म्हणजे उजवीकडचं ९० अंशांचं वळण अजून कुठेतरी लपलंय, किंवा डावं-उजवं मिळून तेवढंच भरेल असं काहीतरी. न दाखवलेल्या भागाबद्दल एवढं ठामपणे सांगता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शेजारच्या दोन जणांना पकडून समजावलं होतं. त्यांना विशेष काही वाटलं नाही.

रस्ता स्वतःला ओलांडत असेल तर हिशेब बदलतो. २००५ च्या डीएस खेळातलं 'फिगर-एट सर्किट' नावाप्रमाणे इंग्रजी आठच्या आकड्यासारखं आहे. एक फेरा उजवीकडे, एक डावीकडे, आणि बेरीज शून्य. तुमची बेरीज शून्याकडे झुकत असेल तर पूल किंवा बोगदा शोधा. गोल गोल चढत जाणारा रॅम्प असेल तर त्याचे ३६० अंश वेगळे धरा, नाहीतर सगळा मेळ बिघडेल.

कोन मोजायला गाडीच्या पाठीमागचा कॅमेरा सर्वांत विश्वासाचा. वळणाआधी क्षितिजावर नाकासमोर काय होतं आणि वळणानंतर ते पडद्याच्या कोणत्या कडेला गेलं, हे पाहा. बाजूने किंवा आकाशातून घेतलेली नाट्यमय दृश्यं कोनाच्या बाबतीत सरळ खोटं बोलतात.

४. अंतर सेकंदांत मोजा

ट्रॅक किती मोठा, हे मीटरमध्ये कुणी सांगत नाही. सेकंद मात्र मोजता येतात. 'मारिओ कार्ट ८'मध्ये १५० सीसी या वेगाच्या पातळीला साध्या ट्रॅकची एक फेरी ढोबळमानाने तीस ते चाळीस सेकंदांची असते. ट्रेलरमधल्या सगळ्या वेगवेगळ्या तुकड्यांची बेरीज बारा सेकंद आली, तर तुम्ही जेमतेम एक तृतीयांश रस्ता पाहिलाय. उरलेल्याबद्दल फार छाती ठोकू नका.

चौकटीच्या वहीत एक सेकंद म्हणजे एक चौकोन असं प्रमाण धरलं की काम सोपं होतं. मशरूमने मिळणारा वेगाचा झटका किंवा ड्रिफ्टनंतरचा (वळणावर गाडी घसरवल्यानंतरचा) धक्का बसलेला तुकडा असेल तर तेवढ्याच सेकंदांत गाडी जास्त अंतर काटते, म्हणून तिथे एखाददुसरा चौकोन वाढवा. फेऱ्यांची संख्या दिसली तर तीही नोंदवा. 'बेबी पार्क'मध्ये सात फेऱ्या मारायच्या असतात, कारण ट्रॅकच इवलासा आहे.

५. शहर असेल तर खरा नकाशा उघडा, पण त्याच्या आहारी जाऊ नका

'डिलक्स'मध्ये चौदा खरी शहरं आहेत. भारतातलं एकही नाही, ही खंत बाजूला ठेवू. शहराच्या ट्रॅकमध्ये खुणा खऱ्या असतात आणि अंतरं खोटी. सिंगापूरमध्ये मर्लायन, मरीना बे सँड्स आणि ती लोखंडी महावृक्षांची बाग भेटते. सिडनीत ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज. मधले कंटाळवाणे किलोमीटर कापून टाकलेले असतात. म्हणून खऱ्या नकाशावरून खुणांचा क्रम आणि दिशा घ्या, लांबी घेऊ नका. सरावासाठी ओळखीच्या शहराचा ट्रॅक स्वतः काढून पाहा. गेटवे, सीएसएमटी आणि मरीन ड्राइव्ह चाळीस सेकंदांत बसवायला गेलात की काय काय कापावं लागतं, ते लगेच कळेल.

शहरांचा खरा धोका वेगळाच आहे. 'टूर'मध्ये एकाच शहराचे तीन-तीन, चार-चार मार्ग होते. 'डिलक्स'मध्ये ते एकत्र शिवले गेले. त्यामुळे पहिल्या फेरीतला रस्ता दुसऱ्या फेरीत तोच असेल याची खात्री नाही. पॅरिसमध्ये तर तिसऱ्या फेरीत गाडी उलटी फिरते आणि मागे राहिलेले स्पर्धक समोरून अंगावर येतात. अशा दृश्यावरून दुपदरी रस्ता काढून बसाल. शहराचा ट्रॅक असेल तर प्रत्येक फेरीचा नकाशा वेगळ्या पानावर काढा आणि तिसऱ्या पायरीतली बेरीज एकत्र करू नका.

६. नियम मोडणारे ट्रॅक ओळखा

काही ट्रॅक परत येतच नाहीत. २०११ च्या 'मारिओ कार्ट ७'मधला रेनबो रोड आणि 'माका वुहू' हे एकच लांबलचक फेरी तीन टप्प्यांत वाटून देतात. पडद्यावर 'लॅप'ऐवजी टप्पा दिसला किंवा भूप्रदेश सतत बदलत गेला, तर ३६० चा हिशेब तिथेच सोडून द्या.

जुना ट्रॅक जसाच्या तसा येईल असंही धरू नका. निन्टेंडो ६४ चा रेनबो रोड 'मारिओ कार्ट ८'मध्ये आला तेव्हा तीन फेऱ्यांऐवजी एकाच फेरीचे तीन भाग झाले. 'कलिमारी डेझर्ट'मध्ये मूळ खेळात रेल्वे फाटक ओलांडायचं असायचं. नव्या रूपात एका फेरीला गाडी थेट रुळांवरून बोगद्यात शिरते.

'वर्ल्ड'ने तर जुन्या हिशेबांची बरीच वाट लावली. डीएसपासून मूळ खेळात जुन्या ट्रॅकसाठी बहुधा वेगळे कप असायचे. इथे नवे-जुने एकत्र मिसळलेत. वर ग्रां प्रीमध्ये, म्हणजे एका कपातल्या शर्यती ओळीने खेळताना, पहिल्या शर्यतीनंतर आधीच्या ट्रॅकवरून निघून रस्त्याने पुढच्या ट्रॅकपर्यंत जायचं असतं. तिथे सुटणारा बाण आणि पोचणारा बाण वेगवेगळे काढा. क्षितिजावर कोणत्या शेजारच्या ट्रॅकची खूण दिसते हे टिपा. सगळं एकाच जमिनीवर वसलंय, त्यामुळे शेजारी ठरला की दिशा ठरते.

७. शाई तीन रंगांची वापरा

प्रत्यक्ष पाहिलेला रस्ता निळ्या शाईने. बेरजेतून किंवा वगळून काढलेला हिरव्याने. 'असं झालं तर मजा येईल' वाला पेन्सिलने, तुटक रेषेत. लोकांना नकाशा दाखवताना तिन्ही रंग तसेच राहू द्या. अंदाज चुकल्याने कुणाची अब्रू जात नाही. पेन्सिलीची रेघ निळी करून मिरवली की मात्र जाते. खेळाच्या फायली उकरून कुणी आतली नावं बाहेर काढली असतील तर ती या नकाशात घेऊ नका. ते वेगळं काम आहे, आणि ज्यांना आधी कळायला नको असतं त्यांचा विरसही होतो. पानावर तारीख घाला.

खेळ हाती आला की पहिली फेरी टाइम ट्रायलमध्ये एकट्याने, सावकाश मारा. वही मांडीवर ठेवा. जिथे चुकलात तिथे लाल गोल करा आणि शेजारी कारण लिहा: कोन चुकला, अंतर चुकलं, की दृश्यांचा क्रमच उलटा धरला. माझ्या वहीत बहुतेक लाल गोल पुलांपाशी आहेत. खालून जाणारा रस्ता मला आजही वेळेवर दिसत नाही.