सागरी भिंत ढासळू नये म्हणून या चुका टाळा

समोरून आदळलेल्या लाटेच्या धक्क्याने फुटणाऱ्या भिंती थोड्याच. भिंत जाते ती बहुतेक वेळा खालून, मागून किंवा टोकाकडून. खर्च मात्र जाडी आणि उंची वाढवण्यावर होतो.

पाया उथळ ठेवणे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट जिरत नाही, ती पायथ्याची वाळू उपसते. पायथ्याशी जेवढी उंच लाट पोहोचते, साधारण तेवढा खोल खड्डा पडू शकतो, असा ढोबळ हिशेब धरतात. पाया या खड्ड्याच्याही खाली गेला पाहिजे. तेवढ्यावर न थांबता पायथ्याशी मोठ्या दगडांचा पट्टाही हवा. फसगत अशी होते की वादळ ओसरताना लाटा वाळू परत आणून टाकतात, खड्डा बुजतो आणि सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून भिंतीच्या माथ्यापासून वाळूपर्यंतचं अंतर ठरावीक जागांवर दर महिन्याला आणि प्रत्येक वादळानंतर ओहोटीच्या वेळी मोजून लिहून ठेवा.

मागचं पाणी अडवणे. भरती, पाऊस आणि भिंतीवरून उडालेलं पाणी मागच्या भरावात मुरतं. ओहोटीला समोरचं पाणी उतरतं, मागचं अडकून राहतं. पातळीत 1 मीटर फरक पडला तरी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 1 टन दाब येतो. त्यासाठी 75 ते 100 मिलिमीटर व्यासाची निचऱ्याची भोकं, त्यांच्यामागे खडीचा थर आणि खडी व माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड हवं. भोकातून गढूळ पाणी येऊ लागलं, अंगणात खळगे पडले किंवा भिंत पुढे झुकली, तर भराव निसटतोय असं समजा. अशा वेळी भोक सिमेंटने बुजवणं आणि खळग्यात माती लोटणं हे दोन्ही उपाय घातक. खळगा गळतीच्या सांध्यापर्यंत उकरा, कापड घाला, मग खडी भरा.

टोकं उघडी सोडणे. जिथे भिंत संपते तिथे धूप वाढते आणि लाटा वळसा घालून मागे शिरतात. दोन्ही टोकं जमिनीच्या बाजूला वळवून आत न्या. शेजारच्या जमिनीचंही नुकसान होतं, त्यामुळे शेजाऱ्यांशी आधी बोला.

हाताला येतील ते दगड रचणे. लाट दुप्पट उंच झाली की दगड आठपट वजनाचा लागतो. गोल गोटे घरंगळतात. कोनेदार दगड एकमेकांत अडकतात. किमान दोन थर, खाली माती अडवणारा फिल्टर (बारीक खडीचा थर किंवा तेच कापड) आणि 1 उभ्याला 2 आडवे असा उतार ठेवा.

काँक्रीटमध्ये सळईवर किमान 50, शक्यतो 75 मिलिमीटर आवरण ठेवा. गंजाचे डाग दिसल्यावर नुसतं प्लास्टर केलं तर आत गंज वाढतच राहतो.

भिंत तिच्यामागची जमीन वाचवते, समोरची पुळण नाही. किनारा मागे सरकत असेल तर भिंतीपुढची वाळू अरुंद होत जाते. जागा असेल तर वाळूची टेकडी जपा: गवत कापू नका, ये-जा उंचावरच्या फळ्यांवरून करा. भर घालायची झाल्यास मूळ वाळूइतकी किंवा किंचित जाड वाळू निवडा. बारीक वाळू पहिल्याच उधाणात वाहून जाते.